कमलपत्र व अळवाचे पान : जलद्वेषी पृष्ठभागांच्या संशोधनाचा इतिहास

जर्मनीतील बॉन विद्यापीठात काम करणारे विल्हेल्म बार्थलॉट व क्रिस्टॉफ नाइनहुइस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली ‘प्लांटा’ ह्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पानांवर साचलेली धूळ पाण्याच्या थेंबांनी कितपत धुऊन निघते, हा त्याचा विषय होता. प्रयोगासाठी आठ वनस्पतींची पाने निवडण्यात आली होती. बीच, ग्नेटम, हेलिकोनिया व मॅग्नोलिया ह्यांची पाने सूक्ष्मदर्शकाखालीही गुळगुळीत दिसणारी. कोबी, अळू, दक्षिण अमेरिकेतील म्यूटिसिया व कमळ ह्यांची खरबरीत आणि पाणी झटकून टाकणारी. सर्व पानांवर निरनिराळे कण मुद्दाम पसरण्यात आले आणि नंतर त्यांवर कृत्रिम पाऊस वा धुके सोडण्यात आले. खरबरीत पानांवरील कण, त्यांचे रासायनिक स्वरूप व आकारमान कोणतेही असो, घरंगळणाऱ्या थेंबांबरोबर पूर्णपणे निघून गेले. ह्या घटनेला लेखकद्वयाने ‘लोटस-इफेक्ट’, म्हणजे कमलपरिणाम, असे नाव दिले. निबंधाच्या शीर्षकातच पवित्र कमळाच्या निर्मळपणाचा उल्लेख आहे.

त्या प्रयोगात अळवाच्या पानानेही तीच कसोटी दिली होती. नाव मात्र कमळाला मिळाले. त्यात अळवावर अन्याय झाला असे म्हणावयाचे नाही, कारण कमळाच्या पानावर हा परिणाम विशेष ठसठशीत दिसतो. तथापि एखाद्या घटनेला नाव पडले म्हणजे ते नाव तिच्या मागील इतिहासालाही आपल्या रंगात रंगवू लागते. कमलपरिणामाच्या बाबतीत तसेच झाले आहे, आणि म्हणून ह्या संशोधनाचा क्रम कागदपत्रांच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मराठी वाचकाला ही दोन्ही पाने भाषेतून फार पूर्वीपासून परिचित आहेत. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील दहाव्या श्लोकात, कर्मे करूनही पापाने लिप्त न होणाऱ्या पुरुषाला पाण्याने न भिजणाऱ्या कमलपत्राची उपमा दिली आहे. ज्ञानेश्वरीच्या पाचव्या अध्यायात तोच दृष्टान्त मराठीत उतरला. येथे कवीची दृष्टी पानाकडे आहे. थेंब आला काय आणि गेला काय, पान जसेच्या तसे राहिले हे महत्त्वाचे. परंतु शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘भज गोविन्दम्’ ह्या स्तोत्रात कमलपत्रावरील थेंबाचीच चंचलता जीविताला लावली आहे. म्हणजे संस्कृत परंपरेत एकाच दृश्याचे दोन अर्थ नांदतात : एक पानाचा, एक थेंबाचा. मराठी लोकभाषेने ह्यांपैकी दुसरा उचलला आणि पानही बदलले. तळ्यातले कमळ प्रत्येकाच्या दारी नसते. परसातल्या सांडपाण्यावर वाढणारे अळू मात्र असते. पैसा, अधिकार, आयुष्य ह्यांना मराठी माणूस ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. (‘तारू–तारवाचे’ ह्याप्रमाणेच ‘अळू–अळवाचे’ हे रूप होते, बोलण्यात हल्ली ‘अळूवरचे पाणी’ असेही कानावर येते, पण वाक्प्रचाराने जुने सामान्यरूप जपून ठेवले आहे.) अळवाचे पान शुद्ध राहते, हा विचार ह्या वाक्प्रचारात मुळीच नाही. पाणी ठरत नाही, एवढेच त्याला सांगावयाचे आहे.

ह्या जुन्या उपमांमुळे एक मोह उत्पन्न होतो. आजच्या सूक्ष्मरचनाशास्त्राने जे शोधून काढले ते प्राचीनांना ठाऊकच होते, असे विधान भाषणांतून व लेखांतून अधूनमधून केले जाते. दुसऱ्या बाजूला, पाश्चात्त्य लोकप्रिय लेखनात हीच कथा अशी सांगितली जाते की एका शास्त्रज्ञाने कमळाकडे पाहिले, निसर्गाचे गुपित ओळखले आणि अभियंत्यांनी त्याची नक्कल केली. ही दोन्ही विधाने ऐकावयास सुखद आहेत. परंतु पुराव्यापुढे दोन्ही टिकत नाहीत. पहिल्यात निरीक्षण व उपपत्ती ह्यांची गल्लत आहे. दुसऱ्यात उपपत्तीचा जन्म जेथे झाला ती जागाच गाळली आहे. ती जागा तळे किंवा वनस्पतिउद्यान नव्हे. ती कापडाची प्रयोगशाळा होय.

थेंब आणि घनपदार्थ ह्यांच्या संबंधाचा पाया टॉमस यंग ह्याने १८०५ साली घातला. द्रवांच्या संसक्तीवरील त्याच्या निबंधात असे प्रतिपादन आहे की घनपदार्थावर ठेवलेल्या द्रवाची कड त्या पृष्ठाशी एक ठराविक कोन करते आणि तो कोन तीन पृष्ठताणांच्या समतोलावर अवलंबून असतो. हा स्पर्शकोन ९० अंशांहून कमी असला तर पाणी पसरू पाहते. जास्त असला तर ते गोळा होऊ पाहते. यंगचे विवेचन गुळगुळीत पृष्ठाला लागू पडते. प्रत्यक्षातील पृष्ठे तशी नसतात, ही अडचण शंभराहून अधिक वर्षे तशीच राहिली.

तिला पहिले समाधानकारक उत्तर पिट्सबर्ग येथील मेलन संस्थेतील रॉबर्ट वेन्झेल ह्याने १९३६ मध्ये दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : खरबरीतपणामुळे पृष्ठाचे खरे क्षेत्रफळ दिसते त्याहून अधिक असते, आणि म्हणून त्या पृष्ठाची मूळ प्रवृत्ती जी असेल तीच वाढते. जे भिजणारे आहे ते खरबरीत केल्याने अधिक भिजते. जे पाणी टाळणारे आहे ते अधिक टाळते. ह्या विवेचनात पाणी सर्व खाचाखोचांत शिरलेले आहे असे गृहीत धरलेले होते.

ते गृहीतक इंग्लंडमधील लीड्स येथील लोकर-उद्योग संशोधन संस्थेतील ए. बी. डी. कॅसी व एस. बॅक्स्टर ह्यांनी बाजूस सारले. महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, फॅरडे सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांचा सच्छिद्र पृष्ठांवरील निबंध आला. कापड हे सलग पृष्ठ नव्हे. ते धाग्यांचे आणि धाग्यांमधील पोकळ्यांचे बनलेले असते. थेंब अशा कापडावर पडला म्हणजे तो काही अंशी धाग्यांवर आणि काही अंशी हवेवर टेकतो, आणि हवेवर टेकलेला भाग म्हणजे जणू १८० अंशांचा स्पर्शकोन असलेला पदार्थच. कॅसी–बॅक्स्टर ह्यांचे समीकरण ह्या मिश्रणाचे गणित मांडते. त्याचे फळ किती मोठे आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सपाट पृष्ठावर ११० अंशांचा कोन देणारा मेणासारखा पदार्थ घेतला आणि थेंबाखालील क्षेत्रापैकी सुमारे ९ टक्केच भाग त्या पदार्थाचा, उरलेला हवेचा, अशी रचना केली, तर दिसणारा कोन १६० अंशांपर्यंत जातो. केवळ रसायनाच्या बळावर हा आकडा गाठता येत नाही. फ्लोरिनयुक्त अणुसमूहांनी मढविलेले अत्यंत पाणीविरोधी असे सपाट पृष्ठही १२० अंशांच्या आसपास थांबते. पुढचे चाळीस अंश रचनेचे असतात, पदार्थाचे नव्हे.

ह्याच निबंधात बदकाच्या पिसांचा विचार आला आहे. बदकाजवळ काही अलौकिक तेल असते आणि म्हणून त्याची पिसे भिजत नाहीत, ही सर्वसाधारण समजूत. कॅसी व बॅक्स्टर ह्यांनी दाखविले की पिसांच्या तंतूंची रचना व त्यांतील अंतर ह्यांनीच हा गुण पुरेसा उलगडतो. त्यावरून कापडाच्या संशोधकांना मिळणारा धडा उघड होता : अधिकाधिक प्रभावी लेप शोधत बसण्यापेक्षा धाग्यांच्या विणीकडे लक्ष द्यावे. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, ह्या दोघांनी ‘नेचर’मध्ये वनस्पती व प्राणी ह्यांच्या पृष्ठांवरील मोठ्या स्पर्शकोनांविषयी टिपण लिहिले. जी. ई. फॉग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही १९४४ पासून पाने भिजण्याच्या प्रश्नाची मोजमापे प्रसिद्ध केली होती. निसर्गापासून प्रेरणा घेतलेल्या पृष्ठांचा इतिहास लिहावयाचा तर त्याचे पहिले प्रकरण येथे सुरू होते, कमळाने नव्हे. बदकाने आणि लोकरीने. पावसाळी कोटाला काव्यात फारसे स्थान नाही, म्हणून ह्या प्रकरणाचा विसर पडला असावा.

विसर पडण्याचे आणखी एक कारण संभवते. १९६४ साली डेट्री व जॉन्सन ह्यांनी मेण लावलेल्या खरबरीत पृष्ठांवर प्रयोग करून पुढे सरकणाऱ्या व मागे हटणाऱ्या कडांचे कोन वेगवेगळे मोजले. परंतु हे सर्व काम भौतिक रसायनाच्या वाचकांपुढे राहिले. वनस्पतिशास्त्रज्ञ पानांवरील मेणाचा अभ्यास करीत होते तो पाण्याचे बाष्पीभवन, कीटकनाशकांचे फवारे आणि जातींचे वर्गीकरण ह्यांच्या संदर्भात. दोन्ही बाजूंना एकच वस्तू दिसत होती, परंतु तिची नावे व ती छापली जाणारी नियतकालिके भिन्न होती.

हा दुवा पुढे जोडला गेला तो एका यंत्रामुळे. कॅम्ब्रिज इन्स्ट्रूमेंट कंपनीने १९६५ साली ‘स्टिरिओस्कॅन’ हा क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विक्रीस आणला. त्यापूर्वीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत पृष्ठाची प्रतिकृती करून ती पाहावी लागे. ह्या यंत्रात प्रत्यक्ष पृष्ठ, त्याच्या उंचसखल भागांसह, दिसू लागले. वर्गीकरणशास्त्राला ही पर्वणीच होती. फुलांच्या पाकळ्या मोजून जे नाते ठरत नाही ते पानाच्या अपित्वचेवरील उंचवटे, सुरकुत्या आणि मेणाचे स्फटिक पाहून ठरविता येईल अशी आशा उत्पन्न झाली. हायडेलबर्ग येथे बार्थलॉट हे काम करू लागले ते ह्याच हेतूने. स्वच्छ पृष्ठाचा शोध घेणे हा त्यांचा उद्देश नव्हता.

नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी तो स्वच्छ करावा लागतो. हजारो नमुने हाताळताना असे आढळले की गुळगुळीत पाने धुळीने माखलेली असत आणि ती पुसावी लागत. जी पाने खरबरीत, ती आधीच स्वच्छ असत. ही गोष्ट सर्वसामान्य अनुभवाच्या अगदी उलट आहे. गुळगुळीत ते स्वच्छ, खरबरीत ते मळखाऊ, ही घरातील भांड्यांपासून रुग्णालयाच्या फरशीपर्यंत सर्वत्र रूढ असलेली समजूत. नेस्टा एलर ह्यांच्यासह बार्थलॉट ह्यांनी १९७७ साली सपुष्प वनस्पतींच्या अपित्वचेवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात ह्या स्वयंस्वच्छतेची नोंद आहे. तो जर्मन भाषेत होता आणि उष्ण प्रदेशांतील वनस्पतींविषयीच्या मालेत निघाला होता. पृष्ठभौतिकीच्या अभ्यासकाने तो उघडून पाहावा असे त्याच्या मुखपृष्ठावर काहीही नव्हते. त्यानंतर १९९७ च्या निबंधापर्यंत वीस वर्षे गेली. त्याच वर्षी नाइनहुइस व बार्थलॉट ह्यांनी ‘अॅनल्स ऑफ बॉटनी’मध्ये पाणी झटकणाऱ्या २०० जातींच्या पृष्ठरचनेचे वर्णन दिले.

ह्या संशोधनात नवीन काय होते, हे आता नेमके सांगता येते. पाणी का ठरत नाही ह्याची उपपत्ती १९४४ मध्येच मिळालेली होती. बार्थलॉट व नाइनहुइस ह्यांनी तिच्यात मळाची भर घातली. कमळाच्या पानाच्या वरच्या बाजूस प्रत्येक पेशीवर काही मायक्रोमीटर रुंदीचा एक उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यांवर व त्यांच्या मधल्या जागेत मेणाच्या सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्म नळ्या दाटलेल्या असतात. धुळीचा कण ह्या नळ्यांच्या टोकांवर टेकतो. पानाशी त्याचा संबंध इतका थोडा येतो की पाण्याशी होणारे त्याचे आसंजन त्याहून प्रबळ ठरते. थेंब घरंगळताना त्याला उचलून नेतो. गुळगुळीत पृष्ठावर थेंब घरंगळत नाही, तो घसरतो, आणि कणांना फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलतो. कमळाची पर्णरंध्रे, बहुतेक वनस्पतींच्या उलट, पानाच्या वरच्या अंगाला असतात. ते अंग कोरडे राखण्याची तिची गरज त्यावरून समजते. गीतेतील उपमेत कवीने पाणी आणि पाप ह्यांची सांगड घातली होती. प्रयोगात पाणी हे मळाचे वाहन ठरले, मळ नव्हे.

दरम्यान जपानमध्ये काओ कंपनीच्या प्रयोगशाळेत ओंडा, शिबुइची, सातो व त्सुजी ह्यांनी १९९६ साली एका मेणाचा लेप थिजवून त्याचे पृष्ठ अपूर्णमितीय, म्हणजे खाचेत खाच असलेले, बनविले. त्याचा स्पर्शकोन १७४ अंश भरला. कमळाच्या पानाहूनही हे पृष्ठ सरस होते, आणि त्याची वाट गणितातून आली होती. कमळाकडे पाहिल्यावाचून हे साधले नसते, असे म्हणणाऱ्यांनी ह्या तारखेची दखल घ्यावयास हवी.

मग नावाने काय साधले? पुष्कळ साधले, असे मान्य करावे लागते. खरबरीत पृष्ठ स्वच्छ राहते ही कल्पना उद्योजकांना प्रथम पटत नसे. म्हणून बार्थलॉट ह्यांनी एक चमचा तयार केला होता, ज्यावरून मध मागे काही न ठेवता ओघळून जाई. बाह्य भिंतींचा ‘लोटुसान’ हा रंग १९९९ साली बाजारात आला आणि त्याच वर्षी बार्थलॉट ह्यांना जर्मन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ‘लोटस-इफेक्ट’ हे व्यापारचिन्ह म्हणूनही नोंदविण्यात आले. ‘कोबी-परिणाम’ ह्या नावाने रंग विकला गेला असता की नाही, ह्याची शंका घेण्यास जागा आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी मौजेच्या वाटतील. ‘लोटस’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. तेथे तो एकाच वनस्पतीचा वाचक नव्हता, निरनिराळ्या झाडांना व गवतांना तो लावला जाई. वनस्पतिशास्त्रात तर ‘लोटस’ ही शेंगा धरणाऱ्या रोपांची प्रजाती होय. कमळाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘नेलुंबो’, आणि ते सिंहली शब्दावरून घेतलेले आहे. म्हणजे भारतीय उपखंडातील वनस्पतीला जवळचा शब्द शास्त्राने दिला, आणि तिच्या कीर्तीसाठी दूरचा शब्द व्यापाराने निवडला. दुसरी गोष्ट ह्या विद्याशाखेच्या नावाची. अमेरिकेत जॅक स्टील ह्याने १९५८ मध्ये ‘बायॉनिक्स’ हा शब्द योजिला आणि १९६० मध्ये डेटन येथे त्या नावाची परिषद भरली. ऑटो श्मिट ह्याने ‘बायोमिमेटिक्स’ हा शब्द प्रचारात आणला; त्याच्या पोटात अनुकरणाचा अर्थ आहे. मराठीत ‘जैवप्रेरित’ हा शब्द रूढ होऊ पाहत आहे आणि वरील इतिहास ध्यानी घेता तोच अधिक प्रामाणिक आहे. लीड्सच्या संशोधकांनी बदकाचे अनुकरण केले नव्हते. बदकाने त्यांच्या समीकरणाला साक्ष दिली होती.

१९९७ नंतरचे संशोधन वेगाने वाढले. त्यातील बराचसा भाग नवनव्या पदार्थांवर तीच रचना उठविण्याचा आहे आणि तो येथे सोडून देण्यास हरकत नाही. महत्त्वाचे ते असे की थेंबाचा आकार आणि थेंबाची गती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ह्या काळात निःसंशय ठरले. चीनमधील लेई जियांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की मोठे उंचवटे व त्यांवरील नॅनोमीटर-प्रमाणाची रचना अशी दुपदरी घडण असली म्हणजे कोन मोठा राहून थेंब सहज घरंगळतो. २००८ मध्ये चीनमधीलच संशोधकांनी गुलाबाच्या पाकळीचे उदाहरण पुढे आणले. तिच्यावर पाण्याचा कोन सुमारे १५२ अंश भरतो, म्हणजे थेंब जवळजवळ मोत्यासारखा गोल दिसतो. परंतु पाकळी पालथी धरली तरी तो पडत नाही. तिचे उंचवटे व त्यांमधील अंतरे मोठी असल्यामुळे पाणी त्या खोबणीत उतरून धरून राहते. केवळ गोल थेंब पाहून पृष्ठाला जलद्वेषी म्हणणे म्हणूनच अपुरे होय. थेंबाची पुढची व मागची कड ह्यांच्या कोनांतील फरक मोजावा लागतो. तो फरक जितका कमी, तितका थेंब चंचल. मराठी वाक्प्रचाराने ज्या गुणावर बोट ठेवले तो हाच. त्यावरून वाक्प्रचार रचणाऱ्यास हे शास्त्र अवगत होते असे अनुमान काढणे हास्यास्पद होईल. त्याने पान तिरके झालेले पाहिले होते आणि जे पाहिले ते अचूक सांगितले, एवढेच सिद्ध होते. उपमेची कसोटी तीच आणि तेवढीच असते.

कमलपत्राच्या निर्लेपपणालाही मर्यादा आहेत. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की ते खाचांत शिरते. बोटाने मेणाचा थर चोळला की त्या जागी पान भिजते. जिवंत पान तो थर पुन्हा तयार करू शकते, भिंतीवरील रंगाला ते साधत नाही, आणि कृत्रिम पृष्ठांचा टिकाऊपणा हा ह्या क्षेत्रातील सर्वांत चिवट प्रश्न राहिला आहे. हार्वर्ड विद्यापीठातील जोआना आयझेनबर्ग ह्यांच्या गटाने २०११ मध्ये म्हणूनच उलटा मार्ग धरला : कीटकभक्षक घटपर्णीच्या कडेवर ओलाव्याचा निसरडा थर असतो, त्या धर्तीवर खाचांत हवेऐवजी वंगणद्रव कोंडून ठेवावयाचा. आणि २००५ साली चेंग व रोडाक ह्यांनी कमळाच्या पानावर वरून थेंब न टाकता वाफ थिजू दिली, तेव्हा असे दिसले की खाचांच्या आतच जन्मलेले पाणी पानाला चिकटून राहते. वरून पडलेला थेंब पानाला शिवत नाही. आत धरलेले दव मात्र ते सहजासहजी सोडत नाही.